मोरीत सोडलेल्या दोन गाड्या

रविवारी सकाळी पेणहून रोह्याला निघाले तेव्हा आदेश आणि दिशा एकमेकांशी मोजकंच बोलत होते. व्हॅनच्या मागच्या सीटवर दोन रिमोटच्या गाड्या शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. दोन्ही हातभर लांबीच्या, मोठ्या चाकांच्या, मातीत पळणाऱ्या. एक आदेशची. तिला खरंखुरं छोटं इंजिन होतं. तिच्यात खास इंधन भरायचं, दोरी ओढून ती चालू करायची, मग ती धूर सोडत मोटरसायकलसारखी गर्जत पळायची. दुसरी दिशाची. ती बॅटरीवर चालायची आणि पळताना फक्त गुणगुणायची.

आदेशचं पेणमध्ये मोटरसायकल दुरुस्तीचं गॅरेज होतं. दिशा रोह्याच्या एका कंपनीत इन्स्ट्रुमेंट विभागात होती. दोघांची ओळखच मुळी रोह्याच्या मैदानावर झाली, निकेश नावाच्या मित्राने तिथे अशा गाड्या चालवणाऱ्यांची टोळी जमवली होती तेव्हा. लग्नानंतर दोन्ही गाड्या एकाच खोलीत आल्या आणि भांडण सुरू झालं. घरमालकीण कृष्णाबाईंना इंधनाच्या कॅनचा वास सहन होत नव्हता. "माझ्या घरात हे पेटणारं काय नको," त्यांनी स्पष्ट सांगितलं. आदेशने त्यांच्यासमोरच म्हटलं, की मग बॅटरीसुद्धा पेटते. ते खोटं नव्हतं. मागच्याच महिन्यात दिशाची एक बॅटरी उशीसारखी फुगली होती आणि ती वाळूच्या बादलीत ठेवून नंतर टाकून द्यावी लागली होती.

शेवटी ठरलं, की एकच गाडी ठेवायची. आज मैदानावर दोन्ही पळवायच्या. जी हरेल ती निकेशकडे ठेवून यायची. ठरवताना दोघं हसले होते, पण सकाळपासून हसू गेलं होतं.

"तू पहाटेच सराव करून बॅटरी संपवलीस," वडखळ मागे पडल्यावर आदेश म्हणाला. "आता तिथे जाऊन तासभर चार्ज करत बसणार. माझी बघ, टाकी भरली की चालली."

"मी लवकर उठते, त्यात तुझं काय जातं?"

दिशाने खिडकीची काच खाली केली.

गडब गावाच्या अलीकडे रस्त्यावरच्या गाड्या थांबल्या होत्या. रविवार असूनही रस्ता रुंदीकरणाचं काम चालू होतं, पण मजूर काम टाकून रस्त्याच्या कडेला खाली उतरले होते आणि सगळे एकाच दिशेने बघत होते. आदेशने व्हॅन बाजूला घेतली. खालून एका बाईचा आवाज येत होता. ती रडत नव्हती, हाका मारत होती. त्या हाकांमुळेच दिशा आधी उतरली.

रस्त्याखाली सिमेंटच्या पाइपांची जुनी मोरी होती. कमरेएवढ्या उंचीचं तिचं तोंड शेताच्या बाजूला उघडत होतं. पलीकडचं तोंड नव्या रस्त्याच्या भरावात बुजलं होतं. आतला गाळ काढायला पांडू नावाचा मजूर रांगत गेला होता. तो आत असताना मधल्या सांध्यातून माती कोसळली. पांडू ढिगाऱ्याच्या पलीकडे अडकला, आणि त्याचे पाय मातीखाली दबले. हाका मारत होती ती त्याची बायको चिमा. जवळच्याच कातकरी वाडीतली. मोरीच्या तोंडाशी ती पालथी झोपली होती, डोकं आत घालून.

कामावरचा सुपरवायझर दत्तात्रेय घामाने भिजला होता. त्याच्या डोक्यात आणि कॉलरमध्ये माती होती.

"मी स्वतः गेलो होतो आत," तो आदेशला म्हणाला. "ढिगाऱ्यापर्यंत पोचतो न पोचतो तोच वरून पुन्हा सुटली. माणूस पुढे गेला की माती खाली येते. जेसीबी लावला तर सगळंच बसेल. पेणवरून मदतीची गाडी निघालीय, पण रस्त्याची अवस्था तुम्ही बघितलीत."

"तो बोलतोय का?"

"मघाशी नीट बोलत होता. आता आवाज बारीक होतोय. तिकडे हवाच नाय ना. ढिगाऱ्याच्या वर वीतभर फट राहिलीय, तेवढीच."

रस्त्यापलीकडे टायर पंक्चरचं दुकान होतं. तिथले म्हातारे दिनानाथ हवा भरायचं यंत्र वायर जोडून मोरीपाशी घेऊन आले होते. त्याला फवारणीच्या पंपाची लांबलचक नळी लावली होती. यंत्र तयार होतं, नळीही पुरेशी होती. फक्त ती पांडूपर्यंत पोचत नव्हती. मोरी मध्यावर थोडी वळत होती. बांबूला नळी बांधून ती आत सरकवायचा प्रयत्न झाला होता. बांबू वळणाला अडकला, जोर लावला तर ढिगाऱ्यात घुसला आणि आणखी माती पडली.

"हलकं कायतरी पायजे," दिनानाथ म्हणाले. "वरनं चढून पलीकडं जाईल असं. नुसती दोरी नेली तरी चालंल. दोरी मिळाली तर तो नळी ओढून घेईल."

आदेश आणि दिशाने एकमेकांकडे पाहिलं. दोघं एकाच वेळी व्हॅनकडे धावले.

आदेशने आपली गाडी उचलली. दिशाने त्याचा दंड धरला.

"आदेश, ही नको. धूर होईल आत."

"मग तुझी ने. चालेल?"

दिशाने बॅटरी तपासली. सकाळच्या सरावात ती जवळजवळ रिकामी झाली होती. "चढ चढणार नाही," ती म्हणाली. "व्हॅनच्या बॅटरीवर चार्जिंगला लावते. अर्धा तास तरी दे."

"अर्ध्या तासात त्याचा आवाज राहील का?"

खालून चिमाची हाक ऐकू आली आणि त्या हाकेला येणारं उत्तर ऐकू आलं नाही.

"दोन मिनिटांचं काम आहे," आदेश म्हणाला. "आत गेली, चढली, उतरली, मी बंद करतो. दोन मिनिटांच्या धुराने काही होत नाही."

"इंजिनला पण हवा लागते, आदेश. तिकडे माणसालाच नाही."

हे त्याने ऐकलं, पण तो तोवर उताराला लागला होता. दिशाने त्याला अडवलं नाही. आपण म्हणतोय तेच बरोबर आहे याची तिला तरी कुठे खात्री होती? तिने व्हॅनचं पुढचं झाकण उघडलं, चार्जर जोडला आणि बॅटरी सावलीत ठेवली. मग तीही खाली उतरली.

आदेशने गाडीच्या मागे नायलॉनची बारीक दोरी बांधली होती आणि वर दिनानाथांची छोटी टॉर्च चिकटपट्टीने गुंडाळली होती. त्याने इंजिनची दोरी ओढली. पहिल्याच झटक्याला ते सुरू झालं. इतक्या मोठ्या आवाजाने मजूर मागे सरले. चिमाने कानांवर हात ठेवले नाहीत, पण तिचा चेहरा बदलला.

गाडी आत गेली.

मोकळ्या मैदानात तो आवाज आदेशला नेहमी आवडायचा. मोरीत तो आवाज सिमेंटवर आपटून दसपट झाला. कोणाला काही ऐकू येईना. टॉर्चचा उजेड वळणापर्यंत दिसला, मग भिंतीवर नुसती चमक उरली. आदेश पालथा पडून अंदाजाने चालवत होता. इंजिनचा सूर जड झाला, म्हणजे ती चढाला लागली होती. त्याने वेग वाढवला. चाकं मातीत फिरत असावीत, सूर एकदम वर गेला, मग खाली आला, मग अडखळला.

"आत काय म्हणतोय तो?" दत्तात्रेयने चिमाच्या कानाशी ओरडून विचारलं.

"मला काय आयकू येत नाय," ती म्हणाली. "ह्या आवाजात काय आयकू येनार?"

इंजिन दोनदा ठसकलं आणि बंद पडलं.

शांतता झाली. त्या शांततेत आधी माती घसरल्याचा आवाज आला. मग खोकला. पांडू खोकत होता, थांबून थांबून, खोल घशातून. मोरीच्या तोंडातून निळसर धूर हळूहळू बाहेर येऊ लागला. त्याला जळक्या तेलाचा उग्र वास होता आणि बाहेर उभं राहूनही डोळे चुरचुरत होते.

"ओ करिश्माच्या बाबा," चिमाने हाक मारली. करिश्मा ही त्यांची मुलगी. "ओ, आयकता का?"

खोकला थांबला. उत्तर आलं नाही.

आदेशने हातातला रिमोट खाली ठेवला आणि दोरी ओढायला घेतली. दत्तात्रेयने त्याचं मनगट धरलं. "ओढू नका. गाडीबरोबर ढिगारा येईल." आदेशने दोरी सोडली. मग तो उठला आणि दिनानाथांच्या यंत्राकडे गेला. "इथून हवा मारू या आत. धूर तरी जाईल."

"कुठे जाईल?" दिशाने विचारलं. तिचा आवाज वाढला नव्हता, पण आदेश जागच्या जागी थांबला. "पलीकडचं तोंड बंद आहे. तू इथून हवा मारलीस, तर सगळा धूर त्याच्याकडेच ढकलशील. त्याला आपोआप बाहेर येऊ दे."

आदेश तिथेच मातीवर बसला. मजुरांपैकी कोणीतरी त्याच्याकडे बघून काहीतरी बोललं. त्याने मान वर केली नाही.

दिशा चिमाच्या शेजारी गुडघ्यावर बसली. "वहिनी, आत खाली पाणी आहे का?"

"हाय. गाळाचं पानी हाय थोडं."

"त्यांना सांगा, सदरा ओला करून नाका-तोंडावर धरा. आणि डोकं जमिनीजवळ ठेवा. उत्तर आलं नाही तरी सांगत राहा. त्यांना ऐकू येत असेल."

चिमाने तिच्याकडे पाहिलं. मघाशी धूर सोडणाऱ्या गाडीबरोबरचीच ही बाई, हे तिच्या डोळ्यांत स्पष्ट होतं. पण ती वळली आणि मोरीत तोंड घालून सांगू लागली. तेच वाक्य, पुन्हा पुन्हा, जराही घाई न करता, घरात एखादं काम सांगावं तशी. दिशाला तो आवाज ऐकवेना. ती व्हॅनकडे गेली.

बॅटरी थोडी भरली होती. थोडीच. ती गाडीत बसवून दिशाने चाक हाताने धरलं आणि जोर बघितला. मोकळ्या मैदानात एवढ्यावर दोन चकरा झाल्या असत्या. इथे दोरी ओढत चढ चढायचा होता. शिवाय बॅटरी ठरावीक पातळीच्या खाली गेली, की गाडी स्वतःहून बंद व्हायची, बॅटरी खराब होऊ नये म्हणून तशी सोय होती. दिशाने ती सोय बंद केली. आता बॅटरी शेवटपर्यंत पिळली जाणार होती. त्यात ती तापणार होती, आणि तापल्यावर काय करेल ते सांगता येत नव्हतं.

आदेश मागे येऊन उभा होता.

"बंद केलीस?"

"हो."

"फुगली तर? तो माणूस हातभर अंतरावर असेल."

"माहीत आहे," दिशा म्हणाली. "अजून अर्धा तास थांबायचं का? तू सांग."

आदेशने मोरीकडे पाहिलं. मग म्हणाला, "माझी डाव्या बाजूला पडलीय. चढाच्या सुरुवातीलाच. शेवटी आवाज तिकडून आला. तू उजवीकडून घे." आणि त्याने व्हॅनमधली टॉर्च गाडीवर चिकटवून मागे दुसरी दोरी बांधायला घेतली. गाठ त्याने दोनदा तपासली.

दिशा मोरीच्या तोंडाशी चिमाला खेटून पालथी झोपली. "वहिनी, ही गाडी आवाज करत नाही. ते काय बोलतील ते आपल्याला ऐकू येईल. ते जे सांगतील ते मला सांगा. उजेड दिसला की लगेच सांगा."

"ह्यातनं धूर?"

"नाही. हिच्यातून धूर नाही."

गाडी आत गेली. बारीक गुणगुण, चाकांखाली ओल्या गाळाचा चपचपाट, आणि मागे सरसरत जाणारी दोरी. वर रस्त्यावर कोणीतरी हॉर्न वाजवला तर दिनानाथांनी वर बघून हात केला, तो थांबला. वळणावर दिशाने वेग कमी केला. उजेड वळला आणि नाहीसा झाला. इथून पुढे फक्त कान.

"ओ, उजेड येतो बघा," चिमा आत म्हणाली. "दिसला का सांगा."

काही नाही. गाडी कशाला तरी आपटल्याचा टक्क असा आवाज आला. आदेशची गाडी. दिशाने थोडं मागे घेतलं, उजवीकडे वळवलं, पुन्हा पुढे. गुणगुणीचा सूर खाली उतरला. चढ लागला.

"उजेड दिसला का?"

आणि तेव्हा आतून आवाज आला. शब्द नव्हता, नुसता घशातला हुंकार. चिमाने श्वास रोखला. दुसऱ्यांदा तो थोडा स्पष्ट आला.

"दिसतो म्हनतात," चिमा म्हणाली. "वर हाय. वर."

दिशाने बोटाने हलकेच रेटलं. सूर आणखी खाली गेला, म्हाताऱ्या माणसाने जिना चढावा तसा. मग गुणगुण तुटक झाली. तिने बोट उचललं.

गाडी थांबली.

"काय झालं?" दत्तात्रेयने विचारलं. "संपली का?"

"नाही."

"मग थांबलात का? ताई, चालवा ना."

दमलेली बॅटरी थोडी थांबली की तिच्यात जरासा जोर परत येतो. सलग रेटली असती तर ती तिथेच कायमची बसली असती. पण हे समजावून सांगायला वेळ नव्हता, आणि गाडी चढावर मातीच्या आधाराने उभी होती. ती मागे घसरत नाही ना, एवढंच ती ऐकत होती. मागे मजुरांची कुजबुज वाढली. कोणीतरी म्हणालं, ही पण गेली. आदेश वळून म्हणाला, "तिला थांबू द्या." एवढंच म्हणाला, पण कुजबुज थांबली.

तिने पुन्हा बोट ठेवलं. गाडी जरा हलली, पुन्हा थांबली. पुन्हा वाट पाहिली. पुन्हा थोडं पुढे. मातीचे खडे घरंगळल्याचा आवाज आला आणि चिमाचा हात दिशाच्या पाठीवर आला, घट्ट.

"माती पडते काय?" चिमाने आत विचारलं.

"थोडी," आतून आलं. आता आवाज ओळखू येण्याजोगा होता. "गाडी... हिकडं वाकली. हात पुरत नाय."

"किती लांब हाय?"

"वीतभर."

दिशाने डोळे मिटले. गाडी माथ्यावर होती. अजून एक रेटा आणि ती पलीकडे उतरली असती. पण एकदम रेटा दिला तर मागची चाकं माती उकरणार होती, आणि तो माथाच माती पडायची जागा होता. तिने मनातल्या मनात आकडे मोजत थोडा वेळ जाऊ दिला. बॅटरीला विसावा द्यायचा होता आणि स्वतःच्या बोटालाही. मग तिने अगदी अलगद बोट दाबलं.

आधी काहीच ऐकू आलं नाही. मग घसरल्याचा आवाज आला, आणि धप्प. दिशाच्या शेजारून जाणारी दोरी झर्रकन पुढे सरकली.

"हातात आली," पांडू आतून म्हणाला.

कोणी ओरडलं नाही. दिनानाथांनी नळीचं टोक दोरीच्या मागच्या टोकाला केव्हाच बांधून ठेवलं होतं. चिमाने सांगितलं, गाडीची दोरी सोडवून ओढा, हळू ओढा. दोरी सरकू लागली. थांबली. पुन्हा सरकली. मग नळी आत शिरली. आदेश दोन्ही हातांनी तिला आत सोडत होता, कुठे पीळ पडू नये म्हणून.

तेवढ्यात आतून पांडू म्हणाला, "ही तापलीय. गाडी. लय गरम लागते हाताला."

दिशा तशीच पुढे सरकली, डोकं मोरीत घालून. आता चिमामार्फत सांगायला वेळ नव्हता.

"पांडूदादा, मी दिशा. ऐका. टॉर्चच्या उजेडात बघा, दोन जाड वायरी दिसतात का? लाल आणि काळी."

"हायत."

"त्या जिथे जोडल्यात तिथे पिवळं टोक आहे. दोन भाग आहेत त्याचे. दोन्ही हातांनी धरून ओढा. सरळ ओढा, पिळू नका."

धडपडल्याचा आवाज आला. "निसटतंय. हात गाळानं भरलेत."

"पोटावर पुसा हात. मग धरा."

आदेशने नळी दत्तात्रेयच्या हातात दिली आणि तोही गुडघ्यावर आला. आत बराच वेळ काही ऐकू आलं नाही. बॅटरी फुगू लागली की एक गोडसर वास येतो. तो दिशाला माहीत होता, आणि तो येतोय का हे ती नाकाने शोधत होती. मोरीतून फक्त आदेशच्या इंजिनच्या तेलाचा वास येत होता.

"सुटलं," पांडू म्हणाला.

"आता ती दूर सरकवा. जेवढी दूर जाईल तेवढी. आणि मातीने झाका."

मग नळी पोचली. दिनानाथांनी यंत्र चालू केलं, आधी थोडंसं, मग चिमाने विचारून विचारून जास्त. पांडूने नळीचं टोक तोंडाशी धरलं होतं. पहिली काही मिनिटं तो बोलला नाही, आणि आता त्याच्या गप्प राहण्याची कोणाला भीती वाटली नाही, कारण तो श्वास घेतोय हे नळीतून येणाऱ्या फरफर आवाजावरून कळत होतं. नंतर तो म्हणाला, "पानी नाय का मिळनार?" तेव्हा चिमा पहिल्यांदा रडली.

पेणहून माणसं आली ती बऱ्याच वेळाने. त्यांनी लाकडी फळ्या आणि टेकू लावत, हाताने माती काढत पुढे सरकायला सुरुवात केली. दुपार कलली तरी काम चालू होतं. निकेशचे फोन येत होते, मैदानावर सगळे वाट बघतायत म्हणून. आदेशने एकदा उचलून सांगितलं, आम्ही येत नाही. कारण विचारलं तर म्हणाला, नंतर सांगतो. उन्हं उतरायच्या सुमारास पांडूला फळीवर झोपवून बाहेर काढलं. एक पाय मोडला होता. चेहरा गाळाने एवढा माखला होता, की चिमाने पदराने पुसल्यावरच त्याचं वय कळलं. तो आदेशहून लहान होता.

दोन्ही गाड्या दत्तात्रेयने दुसऱ्या दिवशी सिमेंटच्या रिकाम्या गोणीत घालून गॅरेजवर पाठवल्या. दिशाची बॅटरी फुगली होती. ती वाळूत ठेवून टाकून द्यावी लागली. आदेशचं इंजिन नुसतं मातीने भरलं होतं. त्याने ते पूर्ण खोललं, साफ केलं, पुन्हा जोडलं, पण चालू करून बघितलं नाही.

"निकेशला देऊन टाकतो," तो एका संध्याकाळी म्हणाला.

"का?"

"का म्हणजे? तू सांगत होतीस. मी ऐकलं नाही."

"मी सांगत होते, पण माझ्याकडे त्या वेळी दुसरं काही नव्हतं," दिशा म्हणाली. "माझी रिकामी होती, हे पण खरंच होतं ना. आणि त्या दिवशी मोरी होती, आदेश. रोह्याला मैदान आहे."

"तरी मला तो खोकला ऐकू येतो."

तो दिशालाही ऐकू येत होता.

गाडी आणि इंधनाचा कॅन निकेशच्या शेडमध्ये ठेवायचं ठरलं. शर्यत झालीच नाही, त्यामुळे कोण हरलं हा प्रश्नही उरला नाही. कृष्णाबाईंना मात्र मोरीची हकीकत कळली तेव्हा त्यांनी दिशाच्या नव्या बॅटरीसाठी स्वतः एक जाड मातीचं भांडं काढून दिलं, झाकणासकट, आणि ते स्वयंपाकघरापासून लांब ठेवायला सांगितलं.

पांडू घरी आल्यावर दोघं वाडीत भेटायला गेले. त्याचा पाय प्लास्टरमध्ये होता. चिमाने सांगितलं, की तो आता घरात झोपत नाही, अंगणातच अंथरूण टाकतो, दार लावलेलं त्याला चालत नाही. ती हे त्याच्यासमोरच बोलली आणि पांडूने नाही म्हटलं नाही.

आदेश बराच वेळ कपातला चहा हलवत बसला. मग म्हणाला, "पांडू, पहिली गाडी माझी होती. धूर सोडणारी."

"म्हाईत हाय," पांडू म्हणाला. "चिमानं सांगितलं."

"बायको नको म्हणत होती. तरी मी सोडली."

पांडूने प्लास्टरवर बसलेली माशी उडवली.

"लय वाईट होता धूर," तो म्हणाला. "मला वाटलं, संपलं आता. खोटं कशाला बोलू. पन त्याच्या आधी मी डोळं मिटून पडलो होतो. वर कोन हाय का नाय, तेबी कळत नव्हतं. त्या आवाजानं मी उठलो. म्हटलं, कोनतरी कायतरी करतंय."

आदेशने मान हलवली. चिमा आतून भाजलेले पापड घेऊन आली आणि दिशाच्या शेजारी बसत म्हणाली, "घे गो. तू कायच खाल्लं नाय."

दिशाने एक पापड मोडला आणि अर्धा आदेशच्या हातात दिला.